टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगमधे सगळीकडं १२७.०.०.१ च दिसतंय, दुपारी सिस्टीम लटकतीय, लॉगिंग नीट कसं लावायचं?

हळकुंड (मंगळवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला बसून एकटाच जावाचं काम करतो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्याकडं आहे, नाव लिहीत नाही, मालक इथं येत नसले तरी त्यांचा पोरगा येतो. हळदीचे सौदे, पोत्यांची आवक, शेतकऱ्याची पट्टी, हमाली तोलाई कापून हिशोब, खरेदीदाराचं बिल, असलं सगळं त्यात आहे. आधी हे गावभागातल्या त्यांच्या जुन्या ऑफिसात एका मशीनवर चालायचं, २०१९ च्या पुरात ते मशीन पाण्यात गेलं आणि मग मालक स्वतःच म्हणाले ते क्लाउड का काय असतंय तिकडं टाकून दे बाबा. तेव्हापासनं उबुंटूवर टॉमकॅट ९ (जावाचं सॉफ्टवेअर चालवणारा सर्व्हर), पुढं एनजिनएक्स (बाहेरनं आलेली रिक्वेस्ट घेऊन टॉमकॅटकडं देणारा), मागं मायएसक्यूएल डेटाबेस, आणि आजपर्यंत कुणाची तक्रार नव्हती.

आता गेले पंधरा दिवस काय व्हायलंय, सौदे संपले की म्हणजे दुपारी अडीच तीनच्या सुमाराला सिस्टीम लटकतीय. लॉगिनला गेलं की चाक फिरत बसतंय. मालकाचा फोन येतो, पट्टी निघंना झालीय, शेतकरी दारात बसल्यात, त्यांना एसटी धरायचीय. मी टॉमकॅट रिस्टार्ट करतो, दहा मिनिटं बरं चालतंय की परत तेच. आणि साडेतीन चारला काहीही न करता आपोआप नीट होतंय, हे जास्त डोक्यात जातंय.

लॉग बघावा म्हटलं तर ॲक्सेस लॉगच्या (कुणी कधी काय मागितलं त्याच्या नोंदीच्या) फाईलमधे दुपारी अडीचला काहीच नाही, चार दोन ओळी. दुसरं, प्रत्येक ओळीच्या सुरवातीला १२७.०.०.१. म्हणजे दुकानातनं कोण आलं, बाहेरनं कोण आलं, काही पत्ता नाही. तिसरं, कुठल्या रिक्वेस्टला किती वेळ लागला हे त्यात येतच नाही. कुठंतरी वाचून सर्व्हर डॉट एक्सएमएलमधे पॅटर्न बदलला तर टॉमकॅट वरच येईना, सकाळी सौद्याच्या ऐन टायमाला, हात थरथरत होते, जुनी फाईल परत टाकून कसंतरी चालू केलं. आणि बोनस म्हणून डिस्क ९१ टक्के भरलीय.

कुणी नीट सांगेल का, रिक्वेस्ट लॉगिंग लावायचं कसं, आणि त्यात काय काय घ्यायचं?

खणभाग_कोडर (मंगळवार, रात्री ११.५८)

भावा टॉमकॅटच्या लॉगच्या नादाला कशाला लागतोस, पुढं एनजिनएक्स आहे ना, त्याचाच लॉग बघ. नाहीतर सरळ लॉग शोधायला इलास्टिकसर्च आणि दाखवायला किबाना लाव, डॅशबोर्डवर सगळं दिसतंय, विषय एंड.

आयर्विन१९२९ (बुधवार, सकाळी ७.१०)

कोडरराव, एका अडत दुकानाच्या दोन जीबीच्या मशीनवर इलास्टिकसर्च लावलं तर मग दुपारी अडीचची वाट बघायला लागणार नाही, सकाळीच लटकेल :) एनजिनएक्सचं मात्र अर्धं बरोबर आहे, त्याच्याकडं वेळ मोजायची सोय आहे, पण तीही लॉग फॉरमॅटमधे आपण घातली तरच येते, बसवल्यावर जो फॉरमॅट मिळतो त्यात नसते. शिवाय आत कोण लॉगिन आहे हे एनजिनएक्सला कुठनं कळणार.

हळकुंड, तुमच्या प्रश्नात चार वेगवेगळे गुंते आहेत, एकेक सोडवू. आधी मला सांगा, लॉगच्या ओळीत चौकटी कंसात जी वेळ असते तिच्या शेवटी काय आहे? प्लस ०५३० आहे का प्लस ००००?

हळकुंड (बुधवार, सकाळी ८.०२)

प्लस ०००० आहे सर. आयला. म्हणजे ते यूटीसी?

आयर्विन१९२९ (बुधवार, सकाळी ८.२०)

व्हय. तुमचा दुपारचा अडीच म्हणजे लॉगमधला सकाळचा नऊ. तुम्ही लॉगमधे १४.३० बघत होता तेव्हा आपल्याकडं रात्रीचे आठ वाजलेले असतात, दुकान बंद, मालक जेवायला. तरी चार ओळी होत्या म्हणताय त्या रात्री आठला कोण करत होतं हे डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल. सर्व्हरची वेळ बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका, लॉग बघताना आपल्या वेळेतनं साडेपाच तास वजा करून शोधायची सवय लावा.

आता टॉमकॅट वर का आला नाही ते. पॅटर्नमधे रिक्वेस्टच्या ओळीभोवती डबल कोट असतात. सर्व्हर डॉट एक्सएमएल ही एक्सएमएल फाईल, ॲट्रिब्यूटची किंमतसुद्धा डबल कोटमधेच. आतला डबल कोट आला की एक्सएमएलला वाटतं किंमत संपली, पुढचं त्याला कळत नाही आणि सगळा सर्व्हरच उठत नाही. मूळ फाईलमधे नीट बघा, तिथं आतल्या कोटच्या जागी अँपरसँड, क्वॉट, सेमीकोलन असं लिहिलेलं आहे. तसंच लिहायचं. किंवा बाहेरचे कोट सिंगल करायचे मग आत डबल चालतात. ही चूक मी पण केलेली आहे, आणि माझ्या वेळी तर जुनी फाईल पण ठेवलेली नव्हती.

मुख्य गोष्ट. होस्टच्या टॅगच्या आत, अगदी शेवटाला, ॲक्सेस लॉग व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातनं जाते तो टॉमकॅटचा भाग) आधीपासनंच असतो, म्हणूनच काही न करता तुम्हाला फाईल मिळाली. त्याच्या पॅटर्नमधे शेवटी परसेंट डी जोडा, डी मोठा. टॉमकॅट ९ मधे हा आकडा मिलिसेकंदात येतो. लक्षात ठेवा, अपाचे वेब सर्व्हरमधे हाच परसेंट डी मायक्रोसेकंदात असतो आणि टॉमकॅटनेही १० पासनं मायक्रोसेकंदच धरलेत. उद्या अपग्रेड केलात आणि सगळं हजारपट हळू झालं म्हणून मालकाला घाबरवाल.

सर्व्हर डॉट एक्सएमएल बदलला की रिस्टार्ट लागतोच. सौद्याच्या वेळेत हात लावू नका.

भडंग_आणि_जावा (बुधवार, सकाळी ९.४५)

१२७.०.०.१ चं मी सांगते. टॉमकॅटच्या दृष्टीनं त्याच्याशी बोलणारा एकच जण आहे, तो म्हणजे तुझा एनजिनएक्स, आणि तो त्याच मशीनवर बसलाय, म्हणून सगळीकडं तोच पत्ता. दारावरच्या वॉचमनला विचारलं कोण आलं होतं तर तो म्हणतोय मीच की, तसली गत. एनजिनएक्सला सांगायचं की खऱ्या माणसाचा पत्ता एक्स फॉरवर्डेड फॉर या हेडरमधे घालून पुढं पाठव, आणि टॉमकॅटमधे रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावायचा, तो हेडर वाचून पत्ता बदलून घेतो.

पण इथं एक मेख आहे ज्यात माझा पूर्ण एक शनिवार गेलेला. नुसता रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावला तरी ॲक्सेस लॉगमधे परत १२७.०.०.१ च येत राहतो. कारण तो व्हॉल्व्ह रिक्वेस्ट संपली की पत्ता होता तसा करून ठेवतो आणि लॉगची ओळ त्याच्यानंतर लिहिली जाते. म्हणून ॲक्सेस लॉग व्हॉल्व्हवर रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्स एनेबल्ड हे ट्रू करायचं, मग तो बाजूला ठेवलेला खरा पत्ता उचलतो. डॉक्युमेंटेशनमधे लिहिलंय पण एका ओळीत, मी तीनदा वाचून पुढं गेले होते.

आणि ८०८० पोर्ट बाहेरनं उघडा ठेवला असशील तर आधी बंद कर. नाहीतर कोणीही एनजिनएक्सला वळसा घालून थेट टॉमकॅटशी बोलेल आणि तुझ्या लॉगचा अर्धा हिशोबच चुकेल. कनेक्टरला ॲड्रेस म्हणून १२७.०.०.१ दिलास की झालं.

स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांसाठी, आत बसलेल्या टॉमकॅटमधे ॲक्सेस लॉग मुळात बंद असतो, प्रॉपर्टीजमधे चालू करायला लागतो, आणि फोल्डर सांगितलं नाही तर टेंप फोल्डरात कुठंतरी लिहितो.

हळकुंड (बुधवार, रात्री १०.३०)

ताई, सर, दोघांचंही केलं. रात्री नऊला रिस्टार्ट केला, पहिल्या झटक्यात वर आला, कोटचं कळल्यामुळं. पण टेल मायनस एफ (फाईलमधल्या नव्या ओळी दाखवणारी कमांड) लावून बसलोय, मोबाईलवरनं पाच सात पानं उघडली, लॉगमधे काहीच येईना. लॉगिंगच बंद पडलं का काय?

आयर्विन१९२९ (बुधवार, रात्री १०.४१)

चहा घ्या, तोवर येईल. बफर्ड हा पर्याय मुळात ट्रू असतो, म्हणजे टॉमकॅट ओळी साठवून ठेवतो आणि मागचं काम करणारा धागा (थ्रेड) दर दहा सेकंदाला फिरतो तेव्हा फाईलमधे ओततो. तपासणी चालू आहे तोवर बफर्ड फॉल्स करून बघा, नंतर परत ट्रू.

हळकुंड (बुधवार, रात्री १०.४४)

आलं आलं. खरा आयपी पण आला. सर पाया पडतो.

कंदीपेढा (गुरुवार, सकाळी १०.१५)

साताऱ्याहून नमस्कार. डिस्कचं कुणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो, कारण माझं आयुष्य त्यातच चाललंय, एका ठिकाणी सर्व्हर सांभाळायला आहे.

ॲक्सेस लॉगची फाईल रोज नवीन होते, नावात तारीख लागते, त्यामुळं लोकांना वाटतं टॉमकॅट जुन्या फाईली पण काढून टाकत असेल. नाही काढत. मॅक्स डेज म्हणून ॲट्रिब्यूट आहे, तो दिला नाही तर मुळातली किंमत उणे एक, म्हणजे कधीच काढायचं नाही. पण माझी पैज आहे, तुमची डिस्क ॲक्सेस लॉगनं भरलेलीच नाही, कॅटलिना डॉट आउटनं भरलीय. तिच्यात प्रोग्रॅम जे काही कन्सोलवर ओकतो ते जातं आणि तिला टॉमकॅट स्वतः कधीच कापत नाही. त्यासाठी लॉगरोटेट (लॉग फाईली कापणारं लिनक्सचं साधन) लावायचं, आणि त्यात कॉपी ट्रंकेट घालायचं, नाहीतर टॉमकॅट जुन्याच फाईलला धरून बसतो.

आणि कृपा करून कॅटलिना डॉट आउट आरएमनं उडवू नका. आमच्याकडं एका नव्या पोरानं उडवली. फाईल दिसायची बंद, पण डीएफ केलं तर डिस्क तेवढीच भरलेली, कारण चालू प्रोसेसनं ती उघडी धरलेली. पोरगं म्हणालं सर भूत आहे. रिकामी करायची तर ट्रंकेटनं शून्य करायची, जागा लगेच मोकळी.

हळकुंड (गुरुवार, सकाळी ११.०५)

दादा पैज जिंकली. ॲक्सेस लॉग सगळे मिळून पाऊण जीबी, कॅटलिना डॉट आउट एकटी २३ जीबी. आत बघितलं तर हायबरनेटची (डेटाबेसशी बोलणारी जावाची लायब्ररी) प्रत्येक क्वेरी छापलेली, दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगला शो एसक्यूएल ट्रू केलेलं तसंच राहिलंय. बंद केलं, ट्रंकेट केलं, डिस्क २८ टक्क्यावर आली.

मॅक्स डेज ३० देऊ का?

कंदीपेढा (गुरुवार, सकाळी ११.३०)

३० वर घाई करू नका. सर्ट इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि ते भारतात ठेवायचे. त्यात सर्व्हिस प्रोव्हायडर, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट असे सगळे येतात. पाऊण जीबीसाठी कशाला जोखीम, १८० पेक्षा थोडं जास्तच द्या, आणि महिन्यापेक्षा जुन्या फाईली जीझिप करून दुसरीकडं हलवा, मजकूर असल्यामुळं त्या अगदी एवढ्याशा होतात.

हळकुंड (गुरुवार, दुपारी ४.२०)

आजचा रिपोर्ट. अडीचला परत लटकलं. पण या वेळी लॉग उघडा होता. आणि गंमत बघा, ऐन लटकलेलं असताना लॉगमधे ओळीच येईनात! म्हटलं परत काय झालं. मग थोड्या वेळानं भसाभस ओळी यायला लागल्या. ऑक कमांडनं शेवटचा रकाना काढून सॉर्ट केला. लॉगिनच्या ओळी अशा: ३०००४, ३००११, ३०००७, ३००१९. स्टेटस मात्र सगळ्यांना २००. पट्टीच्या पानाचं पण तसंच, तीस हजार आणि वर चिल्लर. लॉगिनला तीस सेकंद लागण्यासारखं काहीच नाही हो त्यात, युजर टेबलमधे एकूण ११ माणसं आहेत.

मालकाच्या पोराचं म्हणणं की दुकानात भिंतीवर टीव्ही लावलाय, त्यावर आजचे भाव हे पान दिवसभर उघडं असतंय, त्यानंच होत असणार. ते पान मीच केलंय, दर पाच सेकंदाला आपोआप रिफ्रेश होतं. मग टीव्ही बंद करायला लावला. तरी लटकलंच.

आयर्विन१९२९ (गुरुवार, संध्याकाळी ६.००)

फार चांगली माहिती आणलीत. दोन गोष्टी.

एक, ॲक्सेस लॉगची ओळ रिक्वेस्ट संपल्यावर लिहिली जाते. जी रिक्वेस्ट आत अडकलीय ती संपेपर्यंत लॉगमधे नसते. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला लॉगची सगळ्यात जास्त गरज त्याच क्षणी तो गप्प. त्याच्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह आहे, स्टक थ्रेड डिटेक्शन व्हॉल्व्ह. ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकलेला धागा दिसला की तो कुठल्या ओळीवर अडकलाय ते पूर्ण स्टॅक ट्रेससकट कॅटलिनाच्या लॉगमधे टाकतो. मुळातली मर्यादा ६०० सेकंद आहे, तुम्ही १५ ठेवा. आणि वेळेच्या रकान्यात परसेंट टीच्या आतल्या कंसात बिगिन असं लावलं की रिक्वेस्ट कधी सुरू झाली ते येतं, एंड लावलं की कधी संपली ते. तुम्हाला बिगिन पाहिजे.

दोन, ते आकडे परत बघा. चार वेगवेगळ्या रिक्वेस्ट आणि सगळ्या तीस हजार आणि वर थोडं? खरोखर हळू चाललेलं काम असं एका मापात येत नाही, कुणाला १८ सेकंद, कुणाला ४१ असं पसरतं. एकसारखा गोल आकडा आला की समजायचं कुठलातरी टाइमआउट आहे. कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसची उघडी कनेक्शनं राखून वाटून देणारी लायब्ररी, कुठली वापरताय?

भडंग_आणि_जावा (गुरुवार, संध्याकाळी ६.१२)

हिकारी! पैज. हिकारीचा कनेक्शन टाइमआउट मुळात ३०००० मिलिसेकंदच असतो आणि पूलमधे जास्तीत जास्त १० कनेक्शन. तुझं लॉगिन हळू नाहीच, ते डेटाबेसचं कनेक्शन मिळायची वाट बघत रांगेत उभं आहे आणि तीस सेकंदानी कंटाळून परत येतंय. पण मग एक्सेप्शन यायला पाहिजे आणि स्टेटस ५००. २०० कसं?

हळकुंड (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)

हिकारीच आहे. आणि २०० चं कारण सांगायला लाज वाटतीय, कॅच ब्लॉकमधे मी नुसतं रिटर्न नल लिहून ठेवलंय. वर कॉमेंट पण आहे, नंतर बघू.

खणभाग_कोडर (गुरुवार, संध्याकाळी ६.४३)

नंतर बघू 😂😂 भावा हे टीशर्टवर छापून घे. पूल १० चा १०० कर, विषय कट.

आयर्विन१९२९ (गुरुवार, संध्याकाळी ७.०५)

१०० करू नका. दहा जण मिळून डेटाबेस दमवतायत म्हणून आणखी नव्वद आत सोडायचे हा कुठला न्याय. ते दहा कोण धरून बसलंय ते शोधा. पॅटर्नमधे युजर एजंट हे हेडर घाला, म्हणजे कंसात हेडरचं नाव आणि पुढं छोटा आय. आणि दुकानातली सगळी मशीन एकाच वायफायवरनं येत असणार, त्यांचा बाहेरचा आयपी एकच दिसणार, तर लॉगिन केलेल्याचं नाव पण घ्या. परसेंट यूवर जाऊ नका, तुमचं लॉगिन स्वतः लिहिलेलं आहे, त्याला टॉमकॅट ओळखत नाही, तिथं नुसती डॅश येते. सेशनमधे नाव ठेवत असाल तर कंसात त्या ॲट्रिब्यूटचं नाव आणि पुढं छोटा एस.

भडंग_आणि_जावा (गुरुवार, संध्याकाळी ७.३०)

सेशनवाल्यात एक खड्डा आहे हं. सेशनमधे नुसतं नाव ठेव, पूर्ण युजर ऑब्जेक्ट नको. टॉमकॅट त्या ऑब्जेक्टचं टू स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) करून छापतो. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमधे क्लासवर लोंबॉक लायब्ररीचं डेटा नावाचं ॲनोटेशन लावलेलं, ते टू स्ट्रिंगमधे सगळी फील्ड घालतं. तीन आठवडे प्रत्येक ओळीत माणसाचा मोबाईल नंबर आणि पासवर्डचा हॅश छापला जात होता, आणि ती लॉग फाईल कुणीतरी ईमेलवर जोडून पाठवली तेव्हा कळलं.

तसंच परसेंट आर मधे प्रश्नचिन्हापुढचं सगळं येतं. शेतकऱ्याचा मोबाईल किंवा खाते नंबर यूआरएलमधनं पाठवत असशील तर तो लॉगमधे पडून राहणार. पॅटर्नमधे परसेंट आर काढून मेथडसाठी एम आणि पाथसाठी मोठा यू घे, मग क्वेरी स्ट्रिंग येत नाही.

हळकुंड (शुक्रवार, दुपारी ३.५०)

सापडलं!!! लिहितो सावकाश, अजून हात गार पडलेत.

रात्री सगळं लावलं. आज दोन पंचविसला स्टक थ्रेडवाल्यानं ओरडायला सुरवात केली. दहा धागे एकाच ठिकाणी, आजचे भाव पानाच्या क्वेरीत. बाकीचे वीसेक धागे कनेक्शन द्या म्हणून हिकारीच्या दारात उभे, त्यात लॉगिन, पट्टी, बिल सगळे. पण टीव्ही तर बंद आहे. मग भावाच्या पानाला कोण येतंय? आता लॉगमधे खरे आयपी आहेत ना, तर मोजले. दोन ते तीन या एका तासात ६३ वेगवेगळे आयपी. युजर एजंट सगळे अँड्रॉईड. सेशनचं नाव सगळ्यांना डॅश, म्हणजे लॉगिन न केलेले, कारण ते पान मी उघडंच ठेवलेलं टीव्हीसाठी.

मालकाला फोन केला. ते अगदी निवांत, "हां, ती लिंक का, मीच टाकलीय की ग्रुपवर, सौदा झाला की शेतकऱ्यांना घरबसल्या भाव कळतोय." कधी टाकली? पंधरा दिवस झाले.

म्हणजे सौदा सुटला की साठ सत्तर जण मोबाईलवर ते पान उघडतात, आणि दर पाच सेकंदाला प्रत्येकाचं पान स्वतःहून परत माझ्याकडं येतंय. क्वेरी बघितली तर ती आजचे भाव काढायला आख्ख्या वर्षाचं टेबल चाळतीय, कारण मी तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून तुलना केलीय, त्यामुळं इंडेक्स असून वापरला जात नाही. टीव्ही एकटा होता तोवर चालून गेलं. साडेतीन चारला लोक मोबाईल खिशात घालतात की आपोआप बरं. आणि रात्री आठच्या त्या चार ओळी पण ह्याच पानाच्या, जेवणानंतर भाव बघणारे.

कंदीपेढा (शुक्रवार, संध्याकाळी ५.०५)

आणि दुकान पंधरा दिवस तुम्हाला शिव्या घालत होतं. मालकांना काय म्हणालात?

हळकुंड (शुक्रवार, संध्याकाळी ५.२०)

काय म्हणणार, पान मी केलेलं, क्वेरी माझी, कॅच ब्लॉक माझा. त्यांनी फक्त लिंक टाकली. आत्ता रात्री बसून असं करतोय: तारखेची तुलना सरळ दोन तारखांच्या मधे अशी, म्हणजे इंडेक्स लागेल. भाव मिनिटाला एकदाच काढून मेमरीत ठेवायचे, मग ६३ येऊदेत का ६००, डेटाबेसला मिनिटाला एकच क्वेरी. रिफ्रेश पाच सेकंदावरनं साठवर. आणि नंतर बघू वाली कॉमेंट काढली, एक्सेप्शन वर जाऊ दिलं.

आयर्विन१९२९ (शुक्रवार, संध्याकाळी ५.५०)

छान. आता बफर्ड परत ट्रू करा. स्टक थ्रेडवाला राहू दे, त्याचा फारसा भार नसतो. आणि इमेज, सीएसएस, जेएस यांच्या ओळी नको असतील तर कंडिशन अनलेस आहे, फिल्टरमधे रिक्वेस्टवर एक ॲट्रिब्यूट लावायचा, तो असला की ती ओळ लॉगमधे जात नाही. पण ते महिनाभर थांबून करा, अजून काय निघतंय बघू.

हळकुंड (सोमवार, दुपारी ३.३०)

सोमवारचे सौदे झाले, आवक जोरात होती. भावाच्या पानाला सगळ्यात जास्त वेळ ४१ मिलिसेकंद, लॉगिन १२. फोन आला नाही म्हणून मीच काळजीनं केला. पट्ट्या निघाल्या, माणसं गेली पण.

एकच आहे, मालकांना पोरानं सांगितलंय की आता लॉगमधे कळतंय कोण कोण भाव बघतंय ते. तर ते विचारतायत, शेजारचा दुकानदार आपले भाव किती वेळा बघतो ते काढून दे.

भडंग_आणि_जावा (सोमवार, दुपारी ३.४८)

नको त्या नादाला लागू. आणि कळणार पण नाही. मोबाईल कंपन्या एकेका आयपीमागं शेकडो गिऱ्हाईकं बसवतात, उद्या तोच आयपी दुसऱ्याचा असतो. शेजारचा समजून स्वतःच्याच मेव्हण्याशी भांडतील.

हळकुंड (सोमवार, दुपारी ४.१०)

तसंच सांगितलं. म्हणाले, बरं मग राहू दे, पण तो टीव्ही तरी चालू कर आता, चार दिवस भिंत काळी दिसतीय.